गुड्डीचा हातचा

चुकीच्या उत्तरांना विजयाबाई कधी घाबरल्या नव्हत्या. पोरं चुकणारच, आणि प्रत्येक पोर आपापल्या तऱ्हेने चुकणार, हे त्या धरूनच चालत. कोणी पाढा विसरतं, कोणी वजाबाकीचं चिन्ह न बघता बेरीज करून मोकळं होतं, कोणी गणित अर्धं टाकून खिडकीबाहेर बघत बसतं. पण त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याण्णव साली, चौथीचे सहामाहीचे पेपर तपासताना त्यांचा लाल पेन्सिलीचा हात थबकला. त्रेचाळीसमधून अठरा गेले, तर गुड्डीचे उरले होते पंधरा. रोशनीचेही पंधरा. आणखी पाच-सहा जणांचे पंधराच. पुढचं गणित बघावं तर तिथेही तेच. सगळ्यांचं उत्तर चुकलेलं, सगळ्यांचं एकच, आणि बरोबर दहाने कमी.

बरं, ही पोरं कोण? तर बाईंच्या लाडक्या गणित मंडळाची! मंडळाकडे ढुंकूनही न बघणारा आणि निम्मा दिवस दमणगंगेत गळ टाकून बसणारा ललित, त्याचं उत्तर मात्र पंचवीस. अगदी बरोबर. बाईंना काही कळेना. ज्यांच्यासाठी जिवाचं रान केलं ती चुकली, आणि ज्याच्यासाठी बोटही हलवलं नाही तो पास. असं कुठे असतं का?

माणूस गोंधळला की त्याला सर्वांत आधी दुसऱ्याचा दोष सुचतो. बाईंना कॉपी सुचली. त्यांनी गुड्डीला उभं केलं, कारण मंडळात सगळ्यात हुशार तीच आणि बाकीची तिच्याच तोंडाकडे बघणारी. "तुझं बघून लिहिलं ना सगळ्यांनी?" पोरीने मान हलवली, ती हो की नाही तेही कळेना. मग बाईंनी मंडळाच्या पोरांना वर्गात दूरदूर बसवलं आणि नवी गणितं घातली. पुन्हा सगळ्यांचं उत्तर सारखंच, पुन्हा दहाने कमी. आता कॉपीचाही आधार गेला. आणि नेमकी त्याच दिवशी, शाळा सुटताना, गुड्डीची आई फाटकाशी उभी होती.

"बाई, कसं काय आहे हिचं?" चिमाबाईने विचारलं.

वैतागलेल्या बाई बोलून गेल्या, "लक्षच नाही हो तिचं. साधी वजाबाकी येत नाही."

हे वाक्य जिभेवरून सुटलं आणि चिमाबाईचा चेहरा पडला. ती एवढंच म्हणाली, "मग राहू द्या," आणि पोरीला हाताला धरून निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून गुड्डी शाळेत आली नाही.

त्या "राहू द्या"चा अर्थ बाईंना पुरता ठाऊक होता, म्हणून तर त्यांना घास गोड लागेना. चिमाबाई धाग्याच्या कंपनीत कामाला, नवरा सुकदेव राखोलीला कंपनीत रात्रपाळीला. धाकटा विकी नुकता चालायला लागलेला. त्याला शेजारची कुसुम सांभाळायची, ती दिवाळीला गावी जाणार होती, कायमची. तेव्हा चिमाबाईने मंडळात सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "पोरीले डोकं असंल तर मी काहीतरी जुगाड करीन, पण शाळा सोडायची नही. डोकं नसंल तर मग उगाच कशाले? विकीले तरी सांभाळंल." आता बाईंनीच फाटकाशी उभं राहून पोरीला डोकं नाही असा दाखला देऊन टाकला होता.

आणि हे मंडळ काढलं कोणी? बाईंनीच.

त्याची सुरुवात झाली मे महिन्यात. शिक्षकांचं प्रशिक्षण होतं, सिल्वासातल्या एका सभागृहात, आणि वरचे पंखे गरम हवा इकडून तिकडे ढकलत होते. बरेच शिक्षक भत्ता आणि चहा यांच्या आशेवर बसलेले. मुंबईहून आलेल्या अरविंद सरांनी प्रत्येकाच्या पुढ्यात काड्या टाकल्या आणि दहा-दहाचे गठ्ठे करून रबर लावायला सांगितलं. "एकतीस म्हणजे काय? तीन गठ्ठे आणि एक सुटी काडी. आता यातून नऊ काड्या द्या मला. सुटी एकच आहे? मग एक गठ्ठा सोडा!" विजयाबाईंनी रबर काढलं, काड्या सुट्या झाल्या, अकरा. त्यातल्या नऊ दिल्या. दोन गठ्ठे आणि दोन काड्या हातात उरल्या. बावीस.

बाईंचे डोळे भरून आले. हसण्यासारखं आहे खरं, पण आले. देवरुखच्या शाळेत त्या वेगळंच शिकल्या होत्या. एकातून नऊ जात नाहीत, म्हणून वरच्या एकाचे अकरा करायचे आणि खाली दहाच्या घरात हातचा एक लिहायचा. का लिहायचा? असं विचारल्यावर गुरुजींनी पट्टी दाखवली होती. पुढे बाईंनीही वर्षानुवर्षं पोरांना तसंच शिकवलं, फक्त पट्टी न दाखवता. आज पहिल्यांदा वजाबाकी त्यांच्या हातात आली होती, अगदी काड्यांसकट. "आजपासून वजाबाकीत हातचा बंद!" अरविंद सर म्हणाले, आणि बाईंनी मनोमन शपथ घेतली.

शेवटच्या दिवशी सरांनी आणखी एक सांगितलं. नुसत्या शाळेने गणित सुधारत नाही, वस्तीत जा, आयांना गोळा करा, मंडळं काढा. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या आणि घर गाठलं. बाईंनी किलवणी रस्त्यावरची चाळ गाठली. धुळे-जळगावकडची माणसं, दिवसा एक पाळी, रात्री दुसरी. नळासमोरच्या मोकळ्या जागेत दर शुक्रवारी संध्याकाळी पोरं आणि आया गोल करून बसू लागल्या. काड्यांचे खेळ, पाढे, कोडी असं सगळं चालायचं. चिमाबाई पहिल्या दिवशी कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, "मी चौथी पास हाय, बाई. शहाद्याच्या शाळेत. माले काय शिकवता?" आणि नंतर एकही शुक्रवार तिने चुकवला नाही. बाई सगळ्या आयांना बजावून सांगत, "रोज पोरांना घेऊन बसा. तुम्हाला जे येतं ते शिकवा. लाजू नका." चिमाबाईने ते इतकं मनावर घेतलं की स्वतःच्या पोरीबरोबर शेजारपाजारची पोरंही पाटी घेऊन तिच्या दारात बसू लागली. बाईंना केवढा अभिमान वाटायचा! मंडळाची पोरं शाळेत एकदा शिकणार आणि घरी दुसऱ्यांदा. मग ती मागे कशी पडतील?

तर ती अशी पडली.

गुड्डी येईना तेव्हा बाई चाळीत गेल्या. दार उघडंच होतं. चिमाबाई कामावरून येऊन चहा टाकत होती, गुड्डी विकीला कडेवर घेऊन फिरवत होती. नऊ वर्षांची पोर, पण कमरेत अशी कलली होती की बाईंना बघवेना.

"चिमाबाई, माझं चुकलं. मी घाईत बोलले. ती हुशार आहे."

"हुशार हाय तर मग येत का नही?" चिमाबाईने सरळ विचारलं. चिमाबाईने पोरीच्या हातून विकीला घेतलं आणि कोपऱ्यातली पाटी तिच्यापुढे सरकवली. "चल, बाईसमोर कर. मी एकतीसची, तू नऊची. मी तुझ्याहून किती मोठी?"

गुड्डीने एकतीस लिहिले, खाली नऊ लिहिले, जरा वेळ पुटपुटली आणि पाटी वर धरली. बारा.

"बारा?" चिमाबाई ओरडलीच. "बाराची होते तेव्हा मी शेळ्या चारत होते, भवाने! तवा तू कुठून आली?"

विकी हसायला लागला, त्याला काय, कोणी ओरडलं की हसायचं. बाई मात्र हसल्या नाहीत. पुन्हा दहानेच कमी. "गुड्डी, पुन्हा कर. पण या वेळी मोठ्याने बोलत कर," त्या म्हणाल्या.

"एकातून नऊ जात नाही," गुड्डी म्हणाली. "मग तीन गठ्ठ्यांमधला एक सोडला. तिनाचे दोन राहिले. एकाचे अकरा झाले. अकरातून नऊ गेले, दोन."

बाईंनी मान डोलावली. अगदी शिकवलं तसं. आता दोन गठ्ठे खाली उतरवायचे की झालं बावीस. पण पोरीची पेन्सिल खाली गेली आणि नवाच्या डाव्या हाताला तिने एक बारीकसा एक लिहिला.

"आणि हातचा एक. दोनातून एक गेला, एक. बारा."

"हा हातचा कुठून आला?"

गुड्डीने एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा आईकडे. "माय म्हणते, वर दिलं की खालीपण द्यायचं. तुम्ही म्हणता गठ्ठा सोडायचा. मी दोघींचं करते."

सगळं दिसलं बाईंना एकदम. घरी पाटीवर पोरं चिमाबाईचा हातचा शिकत होती, शाळेत काड्यांनी गठ्ठा सोडायला शिकत होती, आणि शहाण्या पोरांसारखी दोघींचा मान राखून एकाच गणितात दोन्ही करत होती. एकदा वरून दहा कमी, एकदा खालून दहा जास्त. ललित घरीही शिकत नव्हता आणि मंडळातही येत नव्हता, म्हणून तो वाचला.

"थांबा," चिमाबाई म्हणाली आणि पाटी ओढून घेतली. तिने आपल्या रीतीने गणित केलं. वर अकरा, खाली हातचा, बावीस. मग बाईंनी गठ्ठा सोडून केलं. बावीस. चिमाबाई दोन्ही बाविसांकडे बघत राहिली. "म्हणजे तुमचं बरोबर, माझं बरोबर, आणि दोघींचं ऐकणारी पोर चुकली?"

"तसंच झालंय."

"मग तिनं कोणाचं सोडायचं?"

काड्यांचं सोडा म्हणावं तर ते कसं म्हणणार? आणि हातचा सोडा म्हणावं तर तो चुकीचा कुठे होता? चिमाबाईच त्यांच्या वतीने बोलली, आणि तिचा आवाज बसलेला होता. "मीच खराब केली तिची शाळा. हिचीच काय, समद्या पोरायची. राहू द्या बाई. आता पाटी नको न् काही नको. घरी राहील, विकीले सांभाळंल." तिने पाटी पुसली आणि फळीवर उंच ठेवून दिली. गुड्डी त्या पाटीकडे बघत राहिली.

"मला रविवारपर्यंत वेळ द्या," एवढंच म्हणून बाई बाहेर पडल्या. रविवारी काय करणार हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं.

मधल्या काळात शिक्षकांची बैठक झाली, तिथे अरविंद सर आलेले. बाईंनी धावत जाऊन सगळी हकिगत सांगितली. सर हसले. "सोपं आहे. आयांना सांगा, घरी शिकवू नका. नुसतं अभ्यासाला बसवा."

"पण सर, त्यांची रीतही बरोबर येते. ती का बरोबर येते? वरचे दहा येतात तरी कुठून? काड्यांनी दाखवायला गेलं तर बाहेरून आणाव्या लागतात."

सर जरा घुटमळले. मग म्हणाले, "आत्ता त्यात शिरू नका, विजयाताई. पोरांचा गोंधळ होईल." बाईंना त्यांचा राग आला. पोरांचा गोंधळ व्हायचा राहिला होता का आता? आणि एक शंकाही आली, की सरांनाही ते माहीत नसावं. शंकेने बरं वाटायला हवं होतं, उलट अधिकच घाबरल्यासारखं झालं. मुंबईच्या माणसालाही माहीत नसेल तर मग विचारायचं कोणाला?

रविवारी दुपारी त्या घरी जमिनीवर काड्या पसरून बसल्या. नवरा सुधाकर, कचेरीत हेडक्लार्क, आरामखुर्चीत पेपर वाचत पडलेला. चिमाबाईचं प्रकरण त्याने आठवडाभर जेवताना ऐकलं होतं, आणि "उत्तर येतंय ना, मग कारण कशाला हवं?" असं म्हणून बायकोचा राग ओढवून घेतला होता. बाईंनी वर तीन गठ्ठे आणि एक काडी मांडली, खाली नऊ काड्या. मग चिमाबाईच्या रीतीने वरच्या एकाचे अकरा करायला डब्यातून दहा काड्या आणून ठेवल्या. खाली हातचा म्हणून एक गठ्ठा ठेवला. मोजलं. "वर एकेचाळीस, खाली एकोणीस," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "आता हे एकतीस आणि नऊ राहिलेच नाहीत. भलतंच गणित झालं. तरी उत्तर तेच कसं?"

पेपरच्या मागून सुधाकर म्हणाला, "चिमाबाई एकदम एकेचाळीसची झाली का? तुझ्या काळजीने दहा वर्षांनी म्हातारी झाली वाटतं."

बाई रागाने काहीतरी बोलणार होत्या. तोंडातला शब्द तोंडातच राहिला. चिमाबाई एकेचाळीसची, तेव्हा गुड्डी एकोणीसची. दहा वर्षं आईची वाढली, तर पोरीचीही वाढणारच. आणि दोघींतलं अंतर? ते कुठे जाईल! बावीसच राहणार. वर दहा दिले तर खालीही दहा दिले, मग फरक कशाला पडेल? देवरुखच्या पट्टीपासून जे डोक्यात अडकून होतं ते असं आरामखुर्चीतल्या थट्टेने सुटावं! बाईंनी कधी नव्हे ते नवऱ्याला म्हटलं, "हुशार आहात हो तुम्ही," आणि चप्पल घालून निघाल्या. सुधाकरला आपण काय हुशारी केली ते आजतागायत कळलेलं नाही.

चाळीत कुसुमच्या दारात गाठोडी बांधून ठेवलेली होती. चिमाबाई उंबऱ्यात धान्य निवडत होती. बाईंनी बसकण मारली, गुड्डीला शेजारी बसवलं आणि सगळं सांगितलं, दहा वर्षांनंतरची चिमाबाई आणि दहा वर्षांनंतरची गुड्डी. दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा सांगताना त्यांचा स्वतःचाच घोटाळा झाला. गुड्डीला आधी उमगलं. "मग गठ्ठा सोडला तर हातचा द्यायचा नाही. आणि हातचा दिला तर गठ्ठा सोडायचा नाही. एका गणितात एकच," ती म्हणाली आणि आईला न विचारता उडी मारून फळीवरून पाटी काढली. एकतीसमधून नऊ तिने दोनदा केले, एकदा शाळेचं, एकदा घरचं. दोन्हींचे बावीस आले. पोर हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

चिमाबाई मात्र हसली नाही. सुपातलं धान्य तिने उगाच इकडून तिकडे केलं.

"आता काय झालं, चिमाबाई? डोकं आहे हे दिसलं ना? पाठवणार ना उद्यापासून?"

"पाठवते. तिच्या बापाजवळ ठेवीन विकीले. झोपला तरी पायाले बांधून देईन, मग कसा झोपतो बघू." मग हळू आवाजात म्हणाली, "वयाचं ठीक हाय, बाई. ते अंतर हलत नही. पण मी चौथी शिकलेली. यंदा ही चौथीत. यंदा आम्ही दोघी सारख्या. म्हणून तर रोज पाटी घेऊन बसत होते. पुढच्या साली ही पाचवीत जाईल, मी तिथंच. मग मी तिले काय शिकवू? मग ती माले काय म्हणून इचारंल?"

विजयाबाईंच्या आत्ता लक्षात आलं. म्हणजे ही बाई इतके महिने वजाबाकी शिकवत नव्हती, पोरीच्या शेजारी बसायची जागा धरून होती! आणि आपण तिला सांगायला निघालो होतो, घरी शिकवू नका म्हणून. अरविंद सरांचं ते वाक्य बाईंनी तिथल्या तिथे गिळून टाकलं.

"तुमचीच रीत आहे ना, चिमाबाई?" त्या म्हणाल्या. "वर दिलं की खालीही द्यायचं. पोरगी पाचवीत गेली की तुम्हीही पाचवीत चला. शुक्रवारी मंडळात मी दोघींना बसवते. अंतर तेवढंच."

चिमाबाईने वर पाहिलं. "पाचवीत अपूर्णांक जोरात असतात ना? ते माले चौथीतच कधी समजले नही."

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "खरं सांगू? भागाकारात खालचा अपूर्णांक उलटा का करतात, ते मलाही कळलेलं नाही. मी नुसतं उलटा करा म्हणून शिकवते."

चिमाबाई पहिल्यांदा मोकळी हसली. गुड्डीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "मग तर बरं झालं, बाई. आता पोरीले एकटीले चुकावं लागणार नही."